नवख्यांसाठी सोपी लढाई

पेन्शनीत आलेल्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो, हे मला मान्य आहे. कुणी कोंबड्या पाळतो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहून सपाटून पडतो, कुणी पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतो. एवढं गावाला सोसतं. आमच्या गावचे सुभेदार एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन वर्षांनी पेन्शन घेऊन आले आणि त्यांनी ठरवलं की गावाला युद्धशास्त्र शिकवायचं. गावानं तशी काही मागणी केली नव्हती. उंब्रजपासून कोसभर आत, कृष्णेच्या काठावर ऊस पिकवणाऱ्या गावाला युद्धशास्त्र कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. प्रश्न पडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी फौजेच्या एका शिक्षणकेंद्रात काढली होती. तिथं जमिनीवर वाळूचा मोठा नकाशा करून नव्या अधिकाऱ्यांना लढाई शिकवत. सुभेदारांचं काम वाळू चाळून डोंगर रचायचं, आणि साहेबलोक काठी घेऊन बोलायला लागले की अदबीनं मागं उभं राहायचं. मागं उभं राहून जे कानावर पडलं ते त्यांनी एका जाडजूड वहीत उतरवलं होतं, आणि जे कानावर पडलं नाही ते पदरचं घातलं होतं. त्या वहीत अकरा लढाया होत्या. त्यांना ते 'पाठ' म्हणत. आम्हाला म्हणत 'रंगरूट'.

उसाचा हंगाम संपला की त्यांच्या गुऱ्हाळाची शेड रिकामी पडे. तिथं त्यांनी बारा हात लांब, आठ हात रुंद वाळू अंथरली. निळीची पूड टाकून नद्या केल्या, विटांच्या भुकटीचे रस्ते केले, लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून त्याची झाडी केली. काडेपेटी म्हणजे एक कंपनी. चिंचोके म्हणजे त्या कंपनीतल्या तुकड्या. बॅटरीचे संपलेले सेल म्हणजे रणगाडे. गोळी लागली की नाही ते कवड्या टाकून ठरायचं. प्रत्येक खेळाडूला आपापली फौज. एकमेकांशी तोंडानं बोलायला बंदी. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून सुभेदारांच्या हाती द्यायचं, ते अंपायर, ते चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवणार आणि मग ज्याची त्याला देणार. मोठ्यानं वाचायचीच असेल तर लिहायची कशाला, असं मी एकदा विचारलं. फौजेत असंच असतं, असं उत्तर मिळालं.

नियमांबद्दल तर काय सांगावं. खेचर थकलं तर अर्धी पाळी जाते, खेचर रुसलं तर पूर्ण पाळी जाते. थकलेलं कुठलं आणि रुसलेलं कुठलं हे अंपायर ठरवणार. रसदीचे नियम वेगळे, चिखलाचे वेगळे, ओल्या बुटांचे वेगळे. एक पाळी व्हायला पाऊण तास लागे, आणि त्यातली चाळीस मिनिटं सुभेदार वहीची पानं उलटत असत.

असल्या खेळाला येत कोण? ज्यांना रविवारी दुपारी दुसरीकडं जागा नाही ते. एक आमचे पोस्टमास्तर. सांगलीचे, बदलीवर आलेले, कुटुंब तिकडं. त्यांना वाटायचं आपण फार हुशार, आणि गावात तसं वाटून घ्यायला हरकत नव्हती, कारण तुलना करायला किराणा दुकानदारच होता. दुकानदार हा दुसरा. दुकानात बसून बसून त्याला जगातली प्रत्येक गोष्ट वजनात दिसे, आणि आपली बाजू कायम हलकी भरतेय अशी शंका येई. तिसरा मी. आष्ट्याच्या शाळेत मास्तर, शनिवारी शाळा सुटली की एस.टी.नं गावाकडं, सोमवारी पहाटे परत. आणि चौथा माझा थोरला भाऊ.

भावाबद्दल आधीच सांगून टाकलं पाहिजे, कारण तेच या सगळ्यात महत्त्वाचं आहे. आम्ही दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. नदीकाठची मळी त्याच्या वाट्याला आली आणि मळीला जाणारी गाडीवाट ज्या रानातून जाते ते रान माझ्या वाट्याला. वाट पूर्वीपासूनची, तेव्हा तिच्याबद्दल कागदावर कुणी काही लिहिलं नाही. पुढं एका नांगरटीला त्याच्या गड्यानं आमच्या सामाईक बांधाची वीतभर माती खाल्ली. भावानं खाल्ली असं मी म्हणालो. तो म्हणाला, बांध जिथं होता तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी मी बाभळीचे फेस, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, आणून गाडीवाटेच्या तोंडावर टाकले. तेव्हापासून तो उसाची गाडी घेऊन ओढ्यानं वळसा घालून जात होता. पाव कोसाची वाट त्याला दीड कोसाची झाली. ओढ्यात चाकं रुतायची, बैल गुडघ्यावर यायचे, आणि माझ्या रानाच्या कडेनं तो खाली मान घालून जायचा.

मी काही राक्षस नव्हतो. मी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्यानं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडं वाट मागावी. मी त्याच क्षणी काटे उचलीन. हे मी पारावर सांगितलं, दुकानात सांगितलं, वहिनीच्या माहेरच्यांनाही कळेल अशा बेतानं सांगितलं. सांगताना मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटे. तो मागत नव्हता. वडलांच्या वाटेवरून जायला धाकट्याची परवानगी कशाला, असं त्याचं म्हणणं मला चार तोंडांनी फिरून कळलं होतं. तेव्हा अडलं होतं ते एवढ्यावरच, की त्यानं मागायचं आणि मी द्यायचं.

मग आम्ही एकाच खेळात कसे? तर तोंडानं बोलायला बंदी होती म्हणून. तेवढा एकच नियम आम्हा दोघांना सोयीचा होता. भाऊ सुभेदारांचा लहानपणापासूनचा दोस्त, तालमीतला जोडीदार, त्याला नाही म्हणता येईना. आणि तो येतो म्हणून मी यायचं बंद करावं, इतकं मला त्याला महत्त्व द्यायचं नव्हतं.

पहिल्या रविवारी सुभेदारांनी सगळ्यात मोठा पाठ काढला. वाळवंट, दोन्हीकडून रणगाडे. पोस्टमास्तरांनी चौदा सेल मोठ्या ऐटीत रांगेत लावले आणि हुकूम दिला. सुभेदारांनी वही उघडली, बराच वेळ वाचलं आणि जाहीर केलं की पेट्रोलची गाडी मागं राहिल्यामुळं चौदाही रणगाडे जागेवर उभे आहेत. संध्याकाळपर्यंत ते तसेच उभे होते. दुसऱ्या रविवारी बर्फातली खिंड. वाळूवर चुना पसरला होता. दुकानदारानं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो कराडच्या बाजारातल्या गोळ्याचा. त्याची सगळी खेचरं पहिल्याच पाळीत रुसली. तिसऱ्या रविवारी एका नदीवर पूल बांधायचा होता आणि त्यात पुलाच्या फळ्या मोजण्यातच उन्हं कलली. शत्रूला आम्ही अजून पाहिलंही नव्हतं.

चौथ्या रविवारी आम्ही बंड केलं. काहीतरी सोपं काढा, नाहीतर आम्ही येत नाही. सुभेदारांना ते पटलं. फौजेतही रंगरुटाला आधी सोपा पाठ देतात असं ते म्हणाले, जणू तीन रविवार आम्हीच हट्ट धरून अवघड मागत होतो. पण सोपा म्हणजे कुठला, यावर तीन तास गेले. दुकानदाराचं म्हणणं, ज्यात चिंचोके कमी तो सोपा. पोस्टमास्तर म्हणाले, ज्याचे नियम एका पानात बसतात तो. मी म्हणालो, ज्यात दोनच डोंगर आहेत तो घ्या, डोंगर कमी तर घोळ कमी. माझं हे बोलणं आज आठवलं की मला माझीच लाज वाटते. मुलांना भूगोल शिकवणाऱ्या माणसानं असं बोलावं! भाऊ वाळूच्या कडेला उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

शेवटी सुभेदारांनी वही मिटली. "जिमीन वळखीची असली की निम्मी लढाई आपसूक येती बगा," ते म्हणाले. "आपलंच शिवार घिऊ. आपली नदी, आपली रानं. शत्रू नदी उतरून येतोय, त्याला सडकंपतूर पोचू द्यायचं न्हाई. ह्यात रंगरुटाला शिकवायचं ते काय?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात आधी मी हलवली. याहून सोपं काय असणार! इथला दगड न् दगड आम्हाला पाठ. कुठं चिखल होतो, कुठली विहीर आटते, कुठल्या बांधावरून बैलगाडी उलटते, सगळं ठाऊक. आपलं शिवार ठाऊक असण्यानं काय काय होतं, याचा विचार मात्र पाच शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. पुढं गावात बोललं गेलं की सुभेदारांनी आम्हा भावांचं जमवायला मुद्दाम हा डाव टाकला. छे! तेवढी अक्कल असती तर चौदा रणगाडे पेट्रोलविना उभे राहिले नसते.

ते आठवडाभर कासरा घेऊन शिवार मोजत हिंडले. माणूस कामाला मात्र चोख होता, हे मान्य करावं लागेल. पुढच्या रविवारी शेडमध्ये पाय ठेवला तर समोर आमचं गाव. निळीची कृष्णा. नदी जिथं पायी ओलांडता येते तो उतार. मारुतीचं देऊळ म्हणून चुना लावलेला खडा. उसाचा हिरवा भुसा, भुईमुगाचा पिवळा. ओढा. भावाची मळी आणि तिच्यावरचं पाण्याचं इंजिन, त्यासाठी काळा मणी. माझं रान. त्यातून जाणारी विटांच्या भुकटीची गाडीवाट. आणि वाटेच्या तोंडावर, खरोखरच्या बाभळीचे चार काटे रोवलेले.

मी ते पाहिलं. भावानंही पाहिलं. सुभेदारांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अडथळा हाय तर दाखवाय नगं?

पहिली अडचण आली शत्रूची. आपल्याच गावावर चाल करून यायला कुणी तयार होईना. पोस्टमास्तर सांगलीचे, त्यांना विचारलं, तर त्यांना गावात अजून वर्षभर पत्रं वाटायची होती. सुभेदारांच्या रानात तेव्हा जतकडच्या एका मेंढपाळाचा कळप बसवलेला होता. उन्हाळ्यात तिकडं पाणी सरलं की ही माणसं मेंढरं घेऊन आमच्याकडं उतरत आणि खतासाठी रानारानांतून कळप बसवत. वयस्क माणूस, कमी बोलणारा, शेडच्या दारात सावलीला बसलेला. सुभेदारांनी त्यालाच आत बोलावून नदीपलीकडच्या काडेपेट्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, तेव्हा चिठ्ठीऐवजी अंपायरच्या कानात सांगायची सवलत दिली. आम्ही गालातल्या गालात हसलो. त्याची पहिलीच लढाई, शत्रू असा, आणि जमीन आपली. तासाभरात संपवून चहाला जाऊ, असं दुकानदार म्हणाला.

खेळ संपणार होता, पण आमचा.

सुभेदारांनी आम्हा चौघांना जागा वाटून दिल्या. भाऊ पुढं, मळीत, उतारावर नजर ठेवून. त्याच्या मागं मी, माझ्याच रानात, राखीव कंपनी घेऊन. उजवीकडं दुकानदार. तोफा पोस्टमास्तरांकडं. कागदावर सगळं नामी होतं. आता खंदक खोदायची पाळी आली. दुकानदाराची जागा त्याच्या स्वतःच्या उसात होती. तो वाळूवर वाकला, हिरव्या भुशाकडं बघत राहिला आणि म्हणाला की उभ्या उसात खंदक काढायचा नाही. अहो, तो भुसा होता! सॉमिलमधून आणलेला! त्यानं आपली कंपनी उचलून मारुतीच्या देवळामागं नेऊन ठेवली. तिथून नदी दिसत नव्हती. पोस्टमास्तरांनी तोफांना मोकळं रान हवं म्हणून भुईमुगाकडं बोट दाखवलं. ते रान सुभेदारांचं. अंपायरनी वही उघडली आणि ते रान कालच भिजवलं असल्यामुळं तोफांची चाकं रुततील असा निकाल दिला. वहीचं ते पान कोरं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोफा मग चावडीच्या बोळात उभ्या राहिल्या आणि अखेरपर्यंत त्यांनी चावडीचं रक्षण केलं.

मी या दोघांना मनातल्या मनात पोट धरून हसत होतो. मास्तर माणूस, शिकलेला, आपण त्यातले नाही अशी माझी खात्री होती.

मेंढपाळानं पहिल्या पाळीत काहीच केलं नाही, नुसता बघत बसला. दुसऱ्या पाळीत त्यानं उतारावरून दोन काडेपेट्या अलीकडं आणल्या आणि दोन नदीच्या वरच्या अंगाला नेल्या. भावानं बरी लढत दिली. कवड्याही त्याच्या बाजूनं पडत होत्या. पण दुकानदार देवळामागं, तोफा बोळात, तेव्हा त्याच्या डाव्याउजव्या बाजूला कुणीच नव्हतं. चौथ्या पाळीला मळी तीन बाजूंनी वेढली गेली. उरली एकच बाजू, मागची. तिकडं ओढ्याचा वळसा, नाहीतर सरळ गाडीवाट.

नियम स्पष्ट होता आणि या एका नियमात पानं उलटायची गरज नव्हती. आपल्याच माणसानं घातलेला अडथळा आपलाच माणूस एका ओळीच्या हुकमानं उचलू शकतो, पाळीही खर्च होत नाही. काटे माझ्या रानात होते. हुकूम मी द्यायचा होता.

भावानं कागद मागितला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेन्सिल मुठीत धरून त्यानं बराच वेळ लिहिलं. चिठ्ठी सुभेदारांच्या हाती गेली. त्यांनी ती पाहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना ती मोठ्यानं वाचावी की नाही असं झालं. मग फौजी शिस्त आड आली आणि त्यांनी वाचली. "वाट सोड. मी अडकलोय."

चिठ्ठी माझ्या हातात आली. चार वर्षांत भावानं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. गावभर मी जे व्हायची वाट बघत असल्याचं सांगत होतो ते झालं होतं. त्यानं मागितलं होतं, लिहून मागितलं होतं, चौघांच्या देखत.

आणि मला काय वाटलं? मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू. पोस्टमास्तर माझ्याकडं बघतायत, दुकानदार माझ्याकडं बघतोय, संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार, आणि थोरला वाळूच्या पलीकडं उकिडवा बसून माझ्या हाताकडं बघतोय, हे सगळं मला इतकं गोड वाटलं की ते लगेच संपवावंसं वाटेना. अजून एक पाळी त्याला बसू दे, असं मनात आलं. खेळच तर आहे. मी खिशातलं पेन काढलं आणि शाळेच्या नोटिशीत लिहितात तसल्या भाषेत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ओढ्याने यावे.'

सुभेदारांनी तेही वाचलं. या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

भावानं हुज्जत घातली नाही. त्यानं आपली काडेपेटी उचलली आणि ओढ्याच्या निळ्या रेघेकडं सरकवली, नेहमी जातो तसाच. ओढ्यात मेंढपाळाच्या वरच्या अंगानं गेलेल्या दोन काडेपेट्या, त्यानं अंपायरच्या कानात सांगून लपवलेल्या, दबा धरून बसलेल्या होत्या. सुभेदारांनी कवड्या टाकल्या आणि भावाचे चिंचोके एकेक करून उचलून डब्यात टाकायला सुरुवात केली. प्रत्येक चिंचोका डब्यात पडताना वाजत होता. दुकानदारानं उगाच विषय बदलत मेंढपाळाला विचारलं, की तुला कसं कळलं बाबा ओढ्यानंच येणार ते?

"ह्यो गडी वाट दिणार न्हाई, हे कुणाला ठाव न्हाई?" तो म्हणाला. "आमची मेंढरं बी त्या काट्याला वळसा घालूनच जात्यात."

लढाई जिंकल्याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. तो कळपाकडं गेला. सुभेदारांनी वहीत या पाठासमोर मोठ्या अक्षरात 'सोपा' लिहिलं होतं, ते खोडलं आणि त्यावर 'नवख्यांस देऊ नये' असं लिहिलं. मग आमच्याकडं न बघता वाळू सपाट करायला लागले. भाऊ धोतराला लागलेली वाळू झटकून उठला आणि निघून गेला. जाताना त्यानं सुभेदारांना राम राम केला, मला नाही.

त्या आठवड्यात आष्ट्याला मुलांच्या वह्या तपासताना माझं कशात लक्ष लागेना. एका मुलाला मी नद्यांच्या नकाशावरून फटकावलं आणि नंतर पाहिलं तर त्याच्या नद्या बरोबर होत्या. स्वतःला समजावायला माझ्याकडं पुष्कळ होतं. चिंचोके होते, वाळू होती, कुणाचं काही गेलं नव्हतं. पण हेच म्हणत मी दुकानदाराला हसत होतो, भुशासाठी अडून बसला म्हणून. त्यानं निदान आपला ऊस वाचवला होता. मी काय वाचवलं?

शनिवारी गावी आलो आणि रविवारी सकाळी उठून रानात गेलो. फेस चार वर्षांचे, वाळून एकमेकांत अडकलेले. गडी लावला नाही, एकट्यानं उपसले. हाताला काटे भरले, सदरा फाटला. वाट मोकळी केली, चाकोऱ्यांतले दगड वेचून बाजूला टाकले आणि तोंडाशी उभा राहिलो. मळीला शेणखत न्यायचे दिवस होते, तेव्हा तो येणार हे मला माहीत होतं.

आठाच्या सुमाराला त्याची गाडी आली. वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली. त्यानं मोकळ्या वाटेकडं पाहिलं, बाजूच्या काट्यांच्या ढिगाकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. मी काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, बांधाबद्दल, वडलांबद्दल.

"दादा, वाट मोकळी केलीया," एवढंच मी म्हणालो.

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. कासरा हातात धरूनच तो अगदी समजुतीच्या आवाजात बोलला. "तू गावाला सांगत हुतास, मागितली की दीन म्हणून. मला ते खरं वाटायचं रं. चार वरसं ओढ्यानं जाताना मला वाटायचं, माझाच ताठा हाय, मागितली तर धाकला दील." त्यानं कासरा आवळला. "आता मागून बगितली."

त्यानं बैलांना हाक दिली. बैलांनी मोकळ्या वाटेकडं मानही वळवली नाही, ते आपले सवयीनं ओढ्याच्या अंगाला वळले. चाकं खडीवरून खाली उतरल्याचा आवाज आला. मी काट्यांचा ढीग पेटवून दिला आणि घरी आलो. पुढं तो माझ्याशी बोलायचा, सणावाराला जेवायला बोलवायचा, माझ्या मुलीच्या लग्नात पुढं होऊन राबला. पण खताची असो की उसाची, गाडी त्यानं अखेरपर्यंत ओढ्यानंच नेली.